गाडी सोडून जायचं नाही

जानेवारी महिना होता. डाबहून अक्कलकुव्याकडे उतरताना मागच्या चाकाखालून काडकन आवाज आला आणि जीप तिथेच थांबली. ड्रायव्हर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, थोड्या वेळाने हात पुसत बाहेर आला. एक्सल तुटला होता. रात्रीचे आठ वाजले होते. मोबाइलला रेंज नव्हती आणि त्या रस्त्याला पहाटेपर्यंत दुसरी गाडी येण्याची शक्यता नव्हती. दरीपलीकडे एका पाड्यावर दोन-तीन दिवे दिसत होते. अर्ध्या तासात तिथे पोहोचू, असं मला वाटलं आणि मी पिशवी खांद्याला लावली. ड्रायव्हरने माझा हात धरला. "गाडी सोडीसन कोठे जावानं नही, भाऊ," तो म्हणाला. मधे नाला होता, त्याच्या पलीकडे आणखी एक नाला होता, आणि समोर दिसणारा दिवा चालू लागल्यावर समोरच राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आम्ही थांबलो. सागाच्या काटक्या गोळा करून रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवली. डाबच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, ही बातमी नंदुरबारकर दरवर्षी वाचतात. त्या रात्री मला ती अंगाने कळली. दहाच्या सुमाराला शेकोटी पाहून पाड्यावरचे दोघं आले. एकाच्या हातात कापडात बांधलेली भाकर आणि मिरचीची चटणी होती. ते पहाटेपर्यंत आमच्याबरोबर बसले. उजाडल्यावर त्यांच्यातलाच एक मोटारसायकल काढून फिटरला आणायला गेला. तोवर गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता.

पुढे वाळवंटातल्या मोटार शर्यतींबद्दल वाचू लागलो, तेव्हा ड्रायव्हरचं हेच वाक्य मला सगळीकडे भेटलं. सहारा असो, सौदी अरेबिया असो किंवा आपलं थार. शर्यतीत उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी तेच सांगतात. गाडी बंद पडली तर गाडीजवळ थांबायचं. सातपुड्यातल्या एका जीपचालकाने अनुभवातून मिळवलेलं हे शहाणपण त्या शर्यतींना फार मोठी किंमत मोजून मिळालं आहे.

या शर्यतींमधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डकार रॅली. तिचा जन्मच वाळवंटात अडकलेल्या एका माणसापासून झाला. १९७७ साली थिअरी साबीन हा फ्रेंच तरुण अबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकल घेऊन उतरला होता. लिबियाच्या वाळवंटात तो वाट चुकला. तीन दिवस तो तिथे एकटा होता आणि शेवटी विमानातून शोध घेणाऱ्यांना तो सापडला. जीव वाचून घरी परतलेला माणूस पुन्हा वाळूचं नाव काढणार नाही, असं आपल्याला वाटेल. साबीनने मात्र परतल्यावर पॅरिसपासून सेनेगलमधल्या डकार शहरापर्यंतची शर्यत आखली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमधून १८२ वाहनं निघाली. सुमारे १० हजार किलोमीटर पार करून डकारला पोहोचली फक्त ७४. उरलेली कुठे ना कुठे मोडली, रुतली, जळाली किंवा माघारी फिरली. त्या पहिल्या वर्षी पोहोचणाऱ्यांपेक्षा न पोहोचणारेच जास्त होते. साबीन स्वतः १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये, रॅली चालू असतानाच, हेलिकॉप्टर अपघातात गेला.

अडकून पडण्याची सगळ्यात गाजलेली घटना १९८२ सालची. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क याने त्या वर्षी पॅरिस-डकारमध्ये भाग घेतला होता. गाडी प्यूजो ५०४. सोबत फ्रेंच चालक ॲन-शार्लोत व्हर्ने आणि एक मेकॅनिक. अल्जीरियाच्या दक्षिण भागात त्यांच्या गाडीचा मागचा एक्सल मोडला आणि ते थांबले. मागून येणारे स्पर्धकही थांबले, त्यांनी ठिकाण लिहून घेतलं आणि पुढे गेले. मार्कने पुष्कळ वर्षांनी सांगितल्याप्रमाणे, त्या स्पर्धकांनी पुढच्या मुक्कामावर दिशा उलटी सांगितली. गाडी रस्त्याच्या पूर्वेला होती, त्यांनी पश्चिम सांगितली. शोध घेणारे भलत्याच बाजूला फिरत राहिले. इकडे तिघांजवळ जेमतेम पाच लिटर पाणी आणि थोडं सुकं अन्न होतं. लंडनमध्ये पंतप्रधानबाईंना सर्वांसमोर रडू आवरलं नाही. वडील डेनिस विमानाने अल्जीरियाला पोहोचले. फ्रान्सची आणि अल्जीरियाची विमानं कामाला लागली. सहा दिवसांनी, १४ जानेवारीला, अल्जीरियाच्या लष्करी विमानाला ती पांढरी गाडी दिसली. ती मूळ मार्गापासून सुमारे ५० किलोमीटरवर होती. तिघंही सुखरूप होते.

सहा दिवस तिघांनी गाडी सोडली नाही. ते चालत सुटले असते तर विमानाला रिकामी प्यूजो सापडली असती. वरून पाहणाऱ्याला माणूस म्हणजे वाळूतला एक ठिपका. गाडी मोठी असते, तिचा रंग वेगळा असतो, तिची सावली पडते, काचेवरचं ऊन दूरवर चमकतं आणि तिच्या चाकांचा माग मागे उमटलेला असतो.

वाळूत गाडी मोडते तरी कशी, हे थोडं तपशिलात सांगायला हवं. डांबरी रस्त्यावर चाक फिरतं तेव्हा जमीन त्याला धरते. मऊ वाळूत चाक जमीन ढकलण्याऐवजी उकरतं. ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो तसं चाक आणखी खोल जातं आणि शेवटी गाडी पोटावर बसते. चारही चाकं फिरतात, गाडी हलत नाही. क्लच जळाल्याचा वास येऊ लागतो. तापीच्या पात्रात वाळूत रुतलेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सहारात आणखी एक फसवा प्रकार आहे, त्याला फेश-फेश म्हणतात. वरून कडक दिसणारा पापुद्रा आणि खाली पिठासारखी धूळ. गाडी त्यात शिरली की पुढचं काही दिसत नाही, फिल्टर भरतो, धुळीखाली दडलेला दगड स्टिअरिंगचा रॉड वाकवतो. वाळूचा डोंगर चढून माथ्यावर पोहोचलं की पलीकडे उतार किती आहे ते माथा ओलांडल्याशिवाय कळत नाही. वेगात माथा ओलांडणारी दोन टनांची गाडी हवेत जाते आणि नाकावर आपटते. एक्सल, सस्पेन्शन, रेडिएटर आणि माणसाचा मणका, सगळ्यांची परीक्षा तिथेच होते.

वाळूत गाडी चालवायची कशी, हे जगाला पद्धतशीर शिकवलं राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनीअरने. १९२०च्या दशकात तो इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्ड गाड्या लिबियाच्या वाळवंटात घालायचा. टायरातली हवा कमी केली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं, हे त्याने नेमाने वापरलं. उंटाचा तळवा वाळूवर पसरतो, तोच हा हिशेब. आजही वाळूत शिरण्याआधी साधारण ३०-३५ पीएसआयची हवा १५-१८ पर्यंत उतरवतात आणि कडक रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरतात. न भरता वेगात पळवली तर टायर तापून फुटतो. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या हीही त्याचीच देणगी. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपराचे पन्हाळीसारखे पत्रे त्याला कैरोच्या एका भंगारवाल्याकडे मिळाले होते. आज प्रत्येक रॅलीच्या गाडीवर दिसणाऱ्या रंगीत पट्ट्या हा त्याच पत्र्यांचा वंश आहे. रेडिएटरमधून वाफ होऊन उडणारं पाणीही तो वाया जाऊ देत नसे. नळीने ती वाफ थंड पाण्याच्या डब्यात न्यायची, तिथे तिचं पुन्हा पाणी करायचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, त्याने याच विद्येवर लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी केली. पुढे भारतीय घोडदळाच्या पलटणींमधले जवान घेऊन इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही बनलं. १९४१ साली बॅगनॉल्डने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं, ते आजही अभ्यासलं जातं. हौसेपायी वाळूत रुतलेल्या माणसाच्या हातून एवढं काम झालं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता रात्र. वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, पण हिवाळ्यात तिथे अडकलेल्याला आधी थंडीशी झगडावं लागतं. डकार रॅली जानेवारीत होते. हवेत बाष्प असेल तर जमिनीची उष्णता ते थोडीफार अडवतं. वाळवंटात बाष्प नाही, ढग नाहीत, झाडंही नाहीत. सूर्य मावळला की वाळूच्या वरच्या थराची ऊब थेट आकाशात जाते. वाळूच्या कणांमध्ये हवा असल्यामुळे खालची ऊब वर यायलाही वेळ लागतो. दुपारी घामाने भिजलेला चालक रात्री त्याच ओल्या कपड्यांत कुडकुडतो. म्हणून रॅलीच्या सामानात चमकत्या पातळ पत्र्यासारखं पांघरूण असतं, ते शरीराची ऊब परत शरीराकडे वळवतं. ते नसेल तर गाडीतले कापडी बोळे, सीटची कव्हरं, पायपुसणी, काहीही अंगाभोवती आणि अंगाखाली घ्यायचं. जमीन अंगातली ऊब फार वेगाने ओढून घेते. डाबच्या घाटात आमच्या ड्रायव्हरने गाडीतलं ताडपत्रीचं बोचकं मला बसायला दिलं होतं. त्या वेळी मला ते आदरातिथ्य वाटलं. पुढे समजलं, ती खबरदारी होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की प्रश्न पाण्याचा. इथे एका अभ्यासाचं नाव घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडॉल्फ यांनी सैनिकांना घेऊन कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रयोग केले आणि १९४७ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने छापले. पाणी घोट घोट मोजून, तहान मारून पुरवत राहिलं तर माणूस जास्त जगतो, हा समज त्यांनी खोडून काढला. घाम पाण्याच्या हिशेबाने येत नाही, उष्णतेच्या हिशेबाने येतो. बाटलीत जपलेलं पाणी शरीराच्या कामाचं नाही. मोजायचं असेल तर घाम मोजा, म्हणजे हालचाल थांबवा, सावली धरा, अंगावरचे कपडे काढू नका. त्यांच्या हिशेबानुसार सावलीत ३८ अंश सेल्सिअस तापमान असताना, जवळ पाणी अजिबात नसलं तरी, स्वस्थ पडून राहिलेला माणूस सुमारे पाच दिवस तग धरू शकतो. तोच रात्री चालत राहिला तर सुमारे तीन दिवस. तापमान ४९ अंशांवर गेलं तर बसणाऱ्याला दोन दिवस आणि चालणाऱ्याला एकच. ३८ अंशांवरचा दोन दिवसांचा फरक म्हणजे शोधाला निघालेल्या विमानाच्या कितीतरी फेऱ्या.

पण नुसतं थांबून भागतं का? इथे दोन विमानचालकांची हकिकत सांगतो. दोघंही वेगाच्या विक्रमासाठी निघाले होते आणि दोघंही सहारात रात्री कोसळले. एप्रिल १९३३ मध्ये बिल लँकेस्टर हा इंग्रज वैमानिक इंग्लंडहून केप टाउनला निघाला होता. अल्जीरियातल्या रेग्गानच्या दक्षिणेला त्याचं विमान पडलं. तो नियमाने विमानाजवळ थांबला. रात्री विमानाचं कापड फाडून, पेट्रोलमध्ये भिजवून खुणेचे जाळ करत राहिला आणि रोज डायरी लिहीत राहिला. शोधणाऱ्यांना तो सापडला नाही. आठव्या दिवशी तो गेला. त्याचा देह आणि ती डायरी १९६२ साली एका फ्रेंच गस्ती तुकडीला मिळाली. दुसरा आंत्वान द सेंत-एक्झुपेरी, फ्रेंच लेखक. ३० डिसेंबर १९३५ रोजी पॅरिस ते सायगॉनच्या बक्षिसासाठी उडताना तो मेकॅनिक आंद्रे प्रेव्होसह लिबियाच्या वाळवंटात आपटला. जवळ थोडी कॉफी, थोडी द्राक्षं, एखादं संत्रं. ते दोघं चालत सुटले, मृगजळांमागे फिरले, आणि चौथ्या दिवशी एका बेदुइन माणसाने त्यांना पाहिलं म्हणून वाचले. थांबलेला गेला आणि चाललेले वाचले. मग नियम चुकला का? मला तसं वाटत नाही. लँकेस्टर कुठे पडला आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सेंत-एक्झुपेरीला वाचवलं ते वाटेत भेटलेल्या एका माणसाने. थांबण्याला अर्थ येतो तो आपण कुठे आहोत हे कुणाला तरी माहीत असेल तेव्हाच. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो.

डकार रॅलीने हा दुसरा अर्धा भाग गेल्या काही दशकांत फार नेटाने बांधला आहे. आज प्रत्येक गाडीत आणि मोटारसायकलवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असतं. मुख्य नियंत्रण कक्षात बसलेल्या लोकांना प्रत्येक स्पर्धक पडद्यावर दिसतो. एखादी गाडी अचानक थांबली की तिथून विचारणा होते. उत्तर आलं नाही तर हेलिकॉप्टर निघतं. मागून वेगात येणाऱ्याला पुढे गाडी अडकली आहे हे कळावं म्हणून वेगळं यंत्र असतं. शेवटच्या स्पर्धकामागून मोठे ट्रक येतात, ते मोडलेल्या गाड्या आणि माणसं गोळा करत जातात. स्पर्धकाजवळ आरसा, खुणेचे फटाके, लुकलुकणारा दिवा, होकायंत्र आणि राखीव पाणी असलंच पाहिजे आणि ते तपासलं जातं. 

एवढं असूनही रात्री वाळूत काढाव्या लागतात. रॅलीचा मार्ग आता आफ्रिकेत नाही. मॉरिटानियातल्या दहशतवादी धोक्यामुळे २००८ ची रॅली रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होते. त्याच २०२० च्या रॅलीत भारताच्या हिरो संघाचा पोर्तुगीज चालक पाउलो गोन्साल्विस याचं इंजिन तिसऱ्या टप्प्यात गेलं. संघाचा ट्रक येईपर्यंत तो वाळूत थांबला, तिथेच इंजिन बदललं आणि पुढे निघाला. काही दिवसांनी, १२ जानेवारीला, सातव्या टप्प्यात पडून त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याच संघात आलेला बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ साली डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता. २०२१ मध्ये तो पडला, डोक्याला मार लागला आणि त्याला हेलिकॉप्टरने रियाधला नेलं. वेळेत नेलं म्हणून तो वाचला. २०२४ साली केरळच्या हारिथ नोआने आपल्या गटात पहिला येऊन एकूण अकरावा क्रमांक मिळवला.

मराठी माणसंही या वाळूत उतरली आहेत. मर्चंट नेव्हीत काम करणारे आशिष रावराणे २०२१ च्या डकारला कंपनीच्या संघाशिवाय, स्वतःच्या बळावर, मोटारसायकल घेऊन गेले. पुण्याचे संजय टकले हे आशियातल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं गाडी चालवणारं नाव. २०२५ च्या जानेवारीत ते डकार क्लासिकमध्ये उतरले. जुन्या गाड्यांची ही शर्यत २०२१ पासून भरते आणि तिच्यात सर्वाधिक वेगाऐवजी ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक राखण्याला गुण असतात. टकल्यांची गाडी होती टोयोटा लँड क्रूझर आणि शेजारी फ्रेंच सहचालक. सौदी अरेबियातल्या बिशापासून शुबैतापर्यंत त्यांनी ती शर्यत पुरी केली. जुन्या गाडीने रुब अल खाली वाळवंटाच्या वाळूपर्यंत जाणं म्हणजे रोज संध्याकाळी तिचा नटबोल्ट नटबोल्ट हाताने चाचपणं. आपल्याकडे जुनी जीप सांभाळणारा कुणीही हे समजू शकेल.

एक गोष्ट मला विशेष वाटते. अडकून रात्र काढणं ही ज्या शर्यतीत आपत्ती होती, तिथे ती अलीकडे मुद्दाम घातली गेली. २०२४ आणि २०२५ च्या रॅलीत ४८ तासांचा एक टप्पा होता. पहिल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की पुढे जो मुक्काम येईल तिथे स्पर्धकाने थांबायचं. तिथे मेकॅनिकची फौज नव्हती, आलिशान गाडी नव्हती. एक तंबू, झोपायची पिशवी आणि जेवणाचं पाकीट. बाकीचे कुठे आहेत, आपण पुढे आहोत की मागे, हे कळायचं नाही. गाडीला काही झालं असेल तर स्वतः आणि शेजारच्या स्पर्धकाच्या मदतीने दुरुस्त करायचं. कोट्यवधींचा खेळ त्या रात्रीपुरता शेकोटीभोवतीच्या माणसांवर येऊन थांबायचा.

आपल्या देशात २००३ पासून डेझर्ट स्टॉर्म नावाची रॅली राजस्थान-गुजरातच्या वाळूतून वर्षानुवर्षं झाली. तिच्यामुळे आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींमुळे नाशिक, धुळे, नंदुरबारकडची तरुण मुलंही चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्या घेऊन जैसलमेरला, कच्छच्या रणात जातात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, परदेशातून मित्राने आणलेला असला तरीही, आणि जैसलमेर-कच्छच्या सीमाभागात काही ठिकाणी परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणजे मोबाइलची रेंज संपली की तुमच्याजवळ डकारसारखं यंत्र नसणार. म्हणून एकट्या गाडीने वाळूत शिरू नका, किमान दोन गाड्या हव्यात. आणि जाण्याआधी वाटेतल्या शेवटच्या गावात कुणाला तरी सांगून जा. कोणत्या बाजूला निघालो आणि किती वाजता परत येणार, हे चहावाल्याला सांगितलं तरी चालेल. दिशा मात्र नीट सांगा. १९८२ साली पूर्वेचं पश्चिम झालं आणि तिघं सहा दिवस अडकले.

मला सतावणारी गोष्ट मात्र इथली आहे, आमच्या जिल्ह्यातली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा. त्यात अक्राणी आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातले तालुके. देवगोई, चांदसैली, तोरणमाळ हे घाट. इथे गाडी बंद पडणं कुणाचा खेळ नाही. काही पाड्यांपर्यंत अजून गाडीच जात नाही. रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणतात आणि वर्तमानपत्रांनी तिला बांबूलन्स असं नाव दिलं आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामागच्या गावांना तरंगता दवाखाना जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला दवाखान्यात नेणारा माणूस तिथे अडकला, तिला खांद्यावर घेऊन चालू लागला आणि ती वाटेतच गेली. वाळूत पडलेल्या एका मोटारसायकलस्वारासाठी काही मिनिटांत हेलिकॉप्टर उठतं, याचा मला आनंदच आहे. तो कुठे पडला हे सांगणारं यंत्र आज चांगल्या मोबाइलपेक्षा फार महाग नाही. घाटातून रात्री जाणाऱ्या प्रत्येक रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक एसटीत ते असावं, घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी रेंज असावी, पावसाळ्यात प्रत्येक घाटाखाली दरड हटवणारं यंत्र उभं असावं. ही मागणी मोठी नाही. रॅलीत हे सगळं दोन आठवड्यांसाठी ओसाड वाळवंटात उभं करतात. सातपुड्यात तर माणसं बाराही महिने राहतात.

याच सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. दरवर्षी धनत्रयोदशीला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून हजारो माणसं अश्वत्थाम्याच्या त्या शिखरावर रात्रीतून चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा सातपुड्यात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथली श्रद्धा आहे. डाबच्या त्या रात्री शेकोटी पाहून आलेले दोघं आठवले की मला ती श्रद्धा कुठून आली असेल ते समजतं. २०२५ च्या धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबर रोजी, यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि त्यात माणसं गेली. तेव्हा यात्रेला निघालात तर पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे राहून घाट उतरू नका. रात्रभर चालून थकलेल्या ड्रायव्हरला चार तास झोपू द्या. गाडीत माणशी पाच लिटर पाणी, एक टॉर्च, काडीपेटी, दोर, फावडं, स्टेपनी आणि दोन घोंगड्या ठेवा. घाटात गाडी बंद पडली तर तिचं बॉनेट उघडून ठेवा, कडेला शेकोटी पेटवा आणि तिच्याजवळच बसून राहा. शेकोटी पाहून पाड्यावरून कुणी तरी येईल.